पटावर २८०, वर्गात साठ

'आदरणीय मॅडम, बीड जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावात आमच्या संस्थेचं वरिष्ठ महाविद्यालय आहे. सासऱ्यांनी २००३ साली काढलं, कायम विनाअनुदानित. बी.ए. आणि बी.कॉम. मागच्या वर्षी ते गेले आणि सचिवपद माझ्याकडे आलं. पटावर २८० मुलं आहेत, रोज वर्गात येतात साठेक, त्यातल्या बहुतेक मुली. चौदा प्राध्यापक आहेत, त्यांचा पाच महिने पगार झालेला नाही. शिष्यवृत्तीचे पैसे कधी येतात, कधी अडकतात. एक सल्लागार म्हणतात, बीसीए-बीबीए सुरू करा, मुलं आपोआप येतील. त्यासाठी कॉलेजची तीन एकर जमीन तारण ठेवून कर्ज काढा. धाकटे दीर म्हणतात, जमीन विकून मोकळे व्हा. जिल्ह्याच्या ठिकाणची एक मोठी संस्था कॉलेज "चालवायला" मागते आहे. माझे दागिने ठेवून निदान पगार तरी करावेत असं मनात येतं. जानेवारीत स्नेहसंमेलनाला मंत्र्यांना बोलावलं तर अनुदानाचं काही होईल का? कॉलेज वाचवू कसं? – एक सचिव.'

ताई,

तुम्ही पत्रात दोन आकडे दिलेत, याबद्दल आधी तुमचं कौतुक करते. संस्थाचालक सहसा एकच आकडा सांगतात, पटावरचा. वर्गातला आकडा विचारला की चहा मागवतात. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ऑफिसात गेली, शेवटची वर्षं ओ.एस., म्हणजे कार्यालयीन अधीक्षक म्हणून, त्यामुळे हा चहा मी पुष्कळ प्यायले आहे.

तुमचं कॉलेज २८० मुलांचं नाही, साठ मुलांचं आहे. वाचवायचं म्हणता ते नेमकं काय, हे त्यावरून ठरेल. उरलेली २२० मुलं कोण आहेत, याची यादी एकदा स्वतः बसून करा. क्लार्कला सांगू नका, तो तुम्हाला आवडेल तशी यादी करून देईल. माझा अंदाज सांगते. काही पोरं पहाटे मैदानावर आणि दिवसभर अभ्यासिकेत असतील, पोलीस भरतीसाठी. काही चाकण-रांजणगावला कंपनीत कामाला, परीक्षेपुरती गावी येणारी. काहींची घरं ऊसतोडीला जात असतील. दिवाळीच्या सुमारास कोयता उचलायचा आणि पहिल्या सत्राची परीक्षा नेमकी त्याच महिन्यांत, मग पोर येणार कुठून? काही मुलींची लग्नं झाली असतील आणि नाव तेवढं मागे राहिलं असेल. आणि काही नावं लांबच्या जिल्ह्यांतली असतील. ती मुलं इतक्या लांबून तुमच्याकडेच प्रवेश का घेतात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. परीक्षा केंद्राची ती ख्याती असेल तर या वर्षीपासून ती मोडा. त्यात चाळीस-पन्नास प्रवेश जातील. जाऊ द्या.

बाकीच्यांशी मात्र बोला. कारण यातली सगळी मुलं खोटी नाहीत. पुष्कळांना यायचं असतं, पण कॉलेजचं वेळापत्रक एसटीला विचारून केलेलं नसतं. बारावीपर्यंत मुलीला अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास फुकट मिळतो, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आली की तो बंद होतो. पासात सवलत मिळते, महिला म्हणून २०२३ पासून अर्धं तिकीटही आहे, पण फुकट आणि थोडे पैसे यांत घरच्यांच्या लेखी फार अंतर असतं. त्यात गाडी नऊला येते, तास साडेदहाला लागतो आणि परतीची गाडी दोनला असेल, तर त्या मुलीने मधला दीड तास बसस्थानकावर काय करायचं? वडील दोन-चार दिवस बघतात आणि मग म्हणतात, घरीच बस, परीक्षेला जा. गाडीच्या वेळेवर तास लावा. सगळे विषय चार तासांत कोंबावे लागले तरी चालेल. भरतीच्या पोरांसाठी एक खोली रात्री नऊपर्यंत उघडी ठेवा, तिथे दिवे आणि पंखे हवेत, आणि त्यांचे तास सकाळी ठेवू नका. ऊसतोडीच्या घरातल्या मुलींना मागे ठेवायला हंगामापुरती राहायची सोय गावात होते का बघा. एखाद्या रिकाम्या घरात दहा मुली आणि स्वयंपाकाला एक मावशी, एवढ्यावरही भागतं. एवढं केलंत तर साठाचे शंभर होतील असं मला वाटतं. अडीचशे होणार नाहीत.

आणि ज्यांना खरोखरच येता येणार नाही, चाकणला शिफ्ट करणारा मुलगा किंवा सासरी गेलेली मुलगी, त्यांच्यासाठी १९८९ पासून नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. त्यांचं अभ्यासकेंद्र मिळतं का याची चौकशी करा. त्यांना खोटी हजेरी लावून नियमित विद्यार्थी म्हणवून घेण्यापेक्षा मुक्त विद्यापीठाचे खरे विद्यार्थी होऊ द्या. त्यात संस्थेचं उत्पन्न कमी होईल, हे मान्य. पण खोट्या हजेरीवर उभं राहिलेलं उत्पन्न एका तपासणीत जातं आणि जाताना वसुलीची नोटीस मागे ठेवून जातं.

आता पैशाचं. तुमच्यासारख्या कॉलेजांचा अर्थसंकल्प मी पाहिलेला आहे. जमेच्या बाजूला मोठी रक्कम असते, 'शिष्यवृत्ती येणे'. तिच्या भरवशावर खर्च मांडलेला असतो. पण येणं म्हणजे आलेलं नव्हे. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज, मग कॉलेजची पडताळणी, मग समाजकल्याणची, मग आधार जोडलेलं खातं, त्यात एखादी त्रुटी, आणि तोवर वर्ष संपतं. अनुसूचित जातीच्या मुलांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के वाटा आता थेट मुलाच्या खात्यात जातो. कॉलेजने आपली फी त्याच्याकडून मागून घ्यायची. ज्या घरात खात्यावर पैसे येतात त्याच आठवड्यात दवाखाना किंवा बियाणं उभं असतं, तिथून फी वसूल करणं कुणाला जमलंय? दोष त्या घराचा नाही. पण तुमच्या प्राध्यापकांचा पगार त्या पैशावर बांधलेला आहे, हा दोष संस्थेचा आहे.

म्हणून असं करा. बँकेची गेल्या तीन वर्षांची स्टेटमेंट काढा आणि प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम तेवढी लिहून काढा. तीन वर्षांतली सगळ्यात कमी जी असेल, ती पुढच्या वर्षाचं उत्पन्न धरा. तिला बाराने भागा. त्यातून वीजबिल, विद्यापीठाची संलग्नीकरण फी, शिपाई, सफाई वजा करा. उरलं त्यात किती माणसांचे पगार दर महिन्याच्या दहा तारखेला होतात? चौदांचे होणार नाहीत. आठांचे होतील कदाचित. तो आकडा समोर आला की पुढचे निर्णय आपोआप छोटे होतात. बी.कॉम.ला रोज किती जण येतात ते तुम्ही लिहिलेलं नाही. सात-आठच येत असतील तर ती शाखा पुढच्या जूनपासून विद्यापीठाला रीतसर कळवून पहिल्या वर्षापासून बंद करत आणा आणि बी.ए. नीट चालवा.

प्राध्यापकांना अंधारात ठेवून हे करू नका. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे तुमच्या कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असायलाच हवी. तिच्यात शिक्षकांतून निवडलेले प्रतिनिधी असतात, शिक्षकेतरांतला एक, गावातली माणसं, एक माजी विद्यार्थी. वर्षातून किमान चार बैठका घ्यायच्या असतात. बहुतेक ठिकाणी इतिवृत्ताच्या वहीवर चार वेळा सह्या फिरतात आणि झालं. तुम्ही पहिली खरी बैठक घ्या आणि टेबलावर पासबुक ठेवा. पाच महिने पगार न मिळालेली माणसं पासबुक पाहून चिडतील हे खरं, पण चिडूनही बसून राहतील. आश्वासनं ऐकून ऐकून मात्र ती कंटाळलेली असतात आणि मनाने निघून गेलेली असतात.

पत्रात नाही म्हणून विचारते. नेमणूक देताना या चौदा जणांकडून संस्थेने 'देणगी' घेतली होती का? घेतली असेल, सासऱ्यांच्या काळात घेतली असेल, तरी ते संस्थेवरचं कर्ज आहे असंच धरा. पावती असो वा नसो. ज्याला कमी करावं लागेल त्याच्याशी बोलताना ही गोष्ट आधी तुम्ही काढा, त्याने काढायची वाट पाहू नका.

बीसीए-बीबीएबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. तुमचे सल्लागार पाच वर्षांपूर्वीचं गणित सांगताहेत. २०२४-२५ पासून हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत गेले. तिची मान्यता लागते, आणि राज्यात प्रवेशासाठी सीईटी सुरू झाली. पहिल्याच वर्षी जागांच्या मानाने इतकी कमी मुलं बसली की पुन्हा एक सीईटी घ्यावी लागली, तरीही जागा रिकाम्या राहिल्या. मुंबईतल्या कित्येक कॉलेजांनी त्या कचाट्यातून सुटायला बीएमएस या व्यवस्थापनाच्या पदवीचं नाव बदलून बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज केलं. जिथे मुंबईतल्या कॉलेजांची ही गत, तिथे तुमच्या गावात, संगणकाची प्रयोगशाळा कर्जावर उभारून, शिकवायला माणूस शोधून, ही मुलं कुठून येणार? येतील ती आत्ता बी.ए.ला असलेलीच. वर नवीन अभ्यासक्रमाची परवानगी मिळवून देतो म्हणणारा सल्लागार आपली फी परवानगीआधी घेतो. परवानगी मिळाली नाही तर ती फी परत करणारा सल्लागार मी तरी पाहिलेला नाही.

त्यापेक्षा आहे त्या बी.ए.त जीव घाला. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीत आता प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि क्षेत्र प्रकल्प आले आहेत. बहुतेक कॉलेजं गुगल फॉर्म भरून ते उरकतात. तुमच्या आजूबाजूला जिनिंग आहे, दूध संकलन केंद्र आहे, पतसंस्था आहे, आपले सरकार सेवा केंद्र आहे. पतसंस्थेत दोन महिने बसून ज्या मुलीला खतावणी आणि कर्जाची फाईल कळली, तिला बी.ए.च्या कागदापेक्षा त्याचा उपयोग जास्त. पुढच्या वर्षी तिच्या वाडीतल्या दोन मुली तिच्यामुळे येतील. प्रवेशासाठी तालुक्यात डिजिटल बोर्ड लावण्यावर जे पंचवीस-तीस हजार जातात, ते या कामावर देखरेख ठेवणाऱ्या एका प्राध्यापकाला द्या.

नॅकचं, म्हणजे कॉलेजच्या दर्जाच्या मूल्यांकनाचं, थोडक्यात सांगते. करायचं आहे, पण फायली विकत घ्यायच्या नाहीत. स्वयंमूल्यमापन अहवाल तयार करून देणारी मंडळी जिल्ह्याजिल्ह्यात आहेत आणि त्यांच्या अहवालात सगळ्याच कॉलेजांची 'सर्वोत्तम प्रथा' वृक्षारोपण असते. हजेरी खरी झाली, पगार वेळेवर झाले, विकास समिती खरोखर बसायला लागली की अर्धा अहवाल तुमच्या हातात असेल. त्याआधी त्या वाटेला जाऊ नका.

जमीन. ताई, ती जमीन तुमची नाही, दिरांचीही नाही, आणि सासरेही तिचे मालक नव्हते. सार्वजनिक न्यासाची मिळकत विकायची किंवा तारण ठेवायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांची आगाऊ परवानगी लागते. कर्ज काढायलाही लागते. परवानगीशिवाय केलेला व्यवहार टिकत नाही, आणि टिकला नाही की सही करणारा अडकतो. सही तुमची असणार आहे, दिरांची नाही. दिरांशी यावर वाद घालू नका. एका चांगल्या वकिलाकडून हेच दोन पानांत लिहून घ्या आणि कार्यकारिणीच्या बैठकीत वाचून दाखवा.

आणि त्याच्याही आधीचा प्रश्न. सासरे गेल्यावर बदल अर्ज दाखल केलात का? विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात कळवायचं असतं. कॉलेजांतल्या निम्म्या भांडणांचं मूळ इथे सापडतं: बदल अर्ज पडून, परिशिष्ट एकवर, म्हणजे विश्वस्तांच्या सरकारी नोंदीत, अजून गेलेल्या माणसाचं नाव, बँक सही बदलून द्यायला तयार नाही, आणि दोन गट आपापली कार्यकारिणी खरी म्हणून फिरताहेत. अर्ज केला नसेल तर उशीर माफ करण्याच्या विनंतीसह तो आधी दाखल करा. तुमचं सचिवपद कागदावर पक्कं नसेल तर मी वर लिहिलेल्यातलं काहीही तुम्ही कराल ते उद्या कुणीही उलटवेल.

दागिन्यांना हात लावू नका. रयत शिक्षण संस्थेचा दाखला तुम्हाला कुणीतरी दिला असणार. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांसाठी दागिने मोडले, हे आपण सगळे भाषणांतून ऐकत मोठे झालो. ते खरं आहे आणि थोर आहे. पण त्या दागिन्यांतून उपाशी मुलांच्या पोटात धान्य गेलं. तुमच्या दागिन्यांतून दोन महिन्यांचे पगार होतील आणि तिसऱ्या महिन्यात तोच खड्डा असेल, कारण खड्डा दर महिन्याला पडतो आहे. शिवाय १९१९ मध्ये सुरू झालेली ती संस्था एकट्या घराच्या जोरावर वाढली नाही. गावोगावच्या लोकांनी धान्य दिलं, जमिनी दिल्या, मुलांनी 'कमवा आणि शिका'त काम केलं. तुमच्या संस्थेत घराबाहेरचे विश्वस्त किती आहेत? हा प्रश्न मला दागिन्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. तुमच्याच कॉलेजातून शिकून गेलेला एखादा तलाठी, एखादी शिक्षिका, एखादा पुण्यात टेम्पो चालवणारा, यांतले दोघे-तिघे कार्यकारिणीत घ्या. दागिन्यांनी पगार होतील, पण हिशेब विचारणारं माणूस दागिन्यांतून येत नाही.

मंत्र्यांना बोलावू नका. नवीन कॉलेजं कायम विनाअनुदानित तत्त्वावर द्यायची हे सरकारचं धोरण जुनं आहे, आणि एका स्नेहसंमेलनातल्या शालीने ते बदलणार नाही. मंडप, कमान, जेवणावळ यांत एका महिन्याचा पगार जाईल. स्नेहसंमेलन मात्र घ्या. मुलींना ते हवं असतं.

राहिली मोठ्या संस्थेची मागणी. मला ती तुमच्या सगळ्या पर्यायांत सर्वांत विचार करण्यासारखी वाटते, फक्त 'चालवायला' या शब्दात नाही. तोंडी किंवा स्टँपपेपरवर करार करून कॉलेज चालवायला देणं ही जिल्ह्यात सर्रास चालणारी गोष्ट आहे आणि ती बेकायदेशीर वळणाने संपते, कारण विद्यापीठाच्या पूर्वपरवानगीशिवाय कॉलेजचं व्यवस्थापन बदलता येत नाही. रीतसर मार्ग दोन. एक, विद्यापीठ आणि शासन यांच्या परवानगीने व्यवस्थापन हस्तांतर. दुसरा, दोन न्यासांचं एकत्रीकरण, ज्यासाठी धर्मादाय आयुक्त कलम ५०-अ खाली योजना मंजूर करू शकतात. दोन्हींना वेळ लागतो. तो वेळ लागतो म्हणून समोरचा मागे फिरला तर समजा की त्याला तुमची तीन एकर हवी होती.

मोठ्या संस्थेला याची गरज का वाटते तेही लक्षात घ्या, म्हणजे बोलणी करताना तुम्ही वाकणार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा रोख लहान, एकेकट्या कॉलेजांविरुद्ध आहे. तीन हजार किंवा त्याहून अधिक विद्यार्थ्यांचे समूह व्हावेत, संलग्न कॉलेजांची पद्धत हळूहळू संपावी, असं त्यात लिहिलं आहे. दुसरीकडे वस्तुस्थिती अशी की केंद्राच्या २०१८-१९ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशातल्या १६ टक्क्यांहून जास्त कॉलेजांत शंभरही विद्यार्थी नव्हते, आणि तीन हजारांवर विद्यार्थी असलेली कॉलेजं होती फक्त ४ टक्के. म्हणजे सगळ्यांनाच कुणाशी तरी जोडून घ्यायचं आहे. मला व्यक्तिशः हा मोठेपणाचा सोस पटत नाही. तीस किलोमीटरवरच्या तीन हजारांच्या कॉलेजात तुमच्या त्या मुली जाणार नाहीत, त्यांना घरचे पाठवणार नाहीत. त्यामुळे बोलणीत एक अट कुठल्याही परिस्थितीत सोडू नका: वर्ग गावातच भरतील, कॉलेज जिल्ह्याच्या ठिकाणी हलणार नाही. दुसरी अट थकलेल्या पगारांची, हस्तांतरापूर्वी ते चुकते व्हायला हवेत. संस्थेचं नाव आणि सासऱ्यांचा फोटो या अटी तुमचे दीर घालतील. त्या मात्र हसत सोडून द्या.

आणि यातलं काहीच झालं नाही तर? दोन वर्षांचे प्रवेश बघा. दोन्ही वर्षं पहिल्या वर्षाच्या वर्गात रोज बसणारी मुलं तिसाच्या आत राहिली आणि पगार हातातल्या पैशातून होईनात, तर विद्यापीठाकडे बंद करण्याचा अर्ज करा. दाराला कुलूप लावून निघून जाता येत नाही. कायद्याने ते टप्प्याटप्प्याने करावं लागतं, आधी पहिलं वर्ष बंद, आणि आत असलेली मुलं पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत पुढची वर्षं चालवायची. म्हणजे बंद करायलाही दोन वर्षांचे पगार हाताशी लागतात. तेव्हा अर्ज पैसे संपल्यावर करायचा नसतो, थोडे उरलेले असताना करायचा असतो. हे कुणी सांगत नाही.

शेवटी एक ऑफिसातलं काम. २००३ पासूनची जनरल रजिस्टरं, टी.सी.ची स्थळप्रत पुस्तकं, निकालपत्रकं कुठे आहेत ते बघा. बहुधा जिन्याखालच्या खोलीत, वाळवीच्या शेजारी. तुमच्याकडून पदवी घेतलेली मुलगी अंगणवाडी सेविकेच्या भरतीला उभी राहील, पडताळणीसाठी कागद येईल आणि तेव्हा रजिस्टर सापडलं नाही तर तिची नोकरी जाईल, कॉलेज चालू असो, दुसऱ्याकडे गेलेलं असो की बंद झालेलं असो. रजिस्टरं बाहेर काढा, ऊन दाखवा, बांधून घ्या, पानन् पान स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा. एका क्लार्कला महिनाभर पुरेल एवढंच काम आहे. बदल अर्जाच्या निकालासाठी थांबावं लागेल, विद्यापीठाच्या उत्तरासाठी थांबावं लागेल. याला कुणाची परवानगी लागत नाही, येत्या सोमवारी सुरू करा.